पंगतीत कोण नाही

जालन्याकडे जाऊन आले म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. तिकडे बघण्यासारखं काय आहे, आणि पाणी मिळालं का? पाणी मिळालं. बघण्यासारखं काय ते सांगायला लागले की समोरचा घड्याळाकडे बघतो, म्हणून लिहून ठेवते आहे. वाचणारा मध्येच उठून गेला तर निदान मला दिसणार नाही.

मी कोकणातली. सव्वीस वर्षं कोर्टात स्टेनो होते. दुसऱ्यांची बोलणी टाईप करण्यात जन्म गेला आणि निवृत्तीनंतरही टाइपरायटर काही सुटला नाही. चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीनंतर सुलभाचं पत्र आलं. सुलभा माझी हॉस्टेलमधली मैत्रीण. लग्न होऊन बदनापूरला गेली, तिथल्याच शाळेत शिकवलं आणि नवरा गेल्यावरही तिथेच राहिली. पत्रात तीन वाक्यं होती. "कुंदे, टाइपरायटर घेऊन ये. एका माणसाला सोडवायचंय. हुरडा खायला घालीन." माणसाचं मला काही समजलं नाही. हुरड्याचं समजलं, म्हणून निघाले.

बदनापूर

गाडीत टाइपरायटर गोधडीत गुंडाळून मुलासारखा कडेवर घेतला होता. एका सज्जनाने मला म्हातारपणी हे काय म्हणून उठून जागा दिली. स्टेशनबाहेर सुलभा उभी होती, आणि तिच्याशेजारी जीपला टेकून रहीमभाई. जीप त्यांची, आणि सुलभाच्या भजनी मंडळाला गावोगाव नेण्याचं काम गेली सात-आठ वर्षं त्यांचंच. भजनी मंडळाच्या जीपचा चालक मुसलमान कसा, असं माझ्या तोंडावर आलं असावं, कारण सुलभा म्हणाली, "यांना आमचे अभंग आमच्यापेक्षा बराबर पाठ आहेत. सूर चुकला की हॉर्न वाजवतात."

घरी गेल्यावर ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि ठेचा. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं, मसाल्याचं पीठ, ते उकळत्या पाण्यात सोडलं की आमटी तयार. नारळाचं नाव नाही. आमच्याकडे नारळाशिवाय आमटी म्हणजे सुतकातलं जेवण, पण मी दोन वाट्या प्यायले आणि तिसरीला लाजले. हुरड्याचं विचारलं तर सुलभा शांतपणे म्हणाली, अजून महिना आहे. म्हणजे मला फसवून बोलावलं होतं.

वाढणारी बाई मला कामवाली वाटली. ती गया. दसऱ्यापासून दोन पोरींना घेऊन सुलभाकडे राहत होती, आणि सोडवायचा तो माणूस म्हणजे तिचा नवरा किसन. हसनाबादच्या पुढे एक गाव आहे, त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे तो सालगडी होता. सालगडी म्हणजे शेतावरचा वर्षाचा नोकर. पाडव्याला ठेवायचा, पुढच्या पाडव्याला तो राहील नाहीतर दुसरीकडे जाईल, अशी रीत. किसन बारा पाडवे एकाच गोठ्यात होता. लग्नाच्या वेळी घेतलेली उचल केव्हाच फिटली होती, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तरी त्याला कुठे जाता येत नव्हतं. आई वारली तेव्हा गुरांचं वैरणपाणी करून स्मशानात पोचला, तोवर लोक परतीला लागले होते. गयाला मालकाच्या घरची धुणीभांडी धरलेलीच. दसऱ्याला मालकाने थोरल्या पोरीलाही घरकामाला ठेवायचं बोलून दाखवलं, तेव्हा गया पोरींना उचलून चालत निघाली. नवऱ्याला म्हणाली, तुम्ही आलात तर संसार, न्हाई तर मी एकटी. हे सगळं तिने मला भांडी घासता घासता सांगितलं, आवाज न चढवता.

"पण हा तुला सापडला कसा?" मी सुलभाला विचारलं.

तेव्हा तिने मंडळाची पद्धत सांगितली, आणि खरं सांगते, सव्वीस वर्षांत कुठल्या वकिलाच्या तोंडून मी इतकी शहाणी गोष्ट ऐकली नव्हती. गावागावात हरिनाम सप्ताह असतो. सात दिवस भजन-कीर्तन, आणि शेवटी अख्ख्या गावाची पंगत. या बायका पेटी-पखवाज घेऊन जातात, गातात, आणि पंगतीच्या वेळी वाढायला उभ्या राहतात. वाढता वाढता बघायचं ते एवढंच, की पंगतीत कोण नाही. आजाऱ्याचं ताट घरी जातं, बाळंतिणीचं जातं. मग ज्याचं ताटही गेलं नाही आणि जो आलाही नाही, तो कुठे आहे? त्याला यायला कोण देत नाही? देवाच्या जेवणालाही ज्याला सुट्टी नाही, तो माणूस बांधलेला समजायचा. असे चार जण त्यांनी शोधले होते. दोघं आता आपापल्या मर्जीने मजुरी करत होते, एक मुंबईला गेला होता. चौथा किसन.

हसनाबादच्या पुढे

तिसऱ्या दिवशी तहसीलदारसाहेब चौकशीला गावात आले. तरुण, शांत माणूस. मारुतीच्या ओट्यावर सतरंजी टाकली, मी टाइपरायटर मांडीवर घेतला. जीपमध्ये एकदा आपटल्यामुळे तो ओळ संपली तरी घंटी देत नव्हता, म्हणून मीच मनात ठण म्हणत होते. वेठबिगारीच्या कायद्याखाली जे प्रश्न विचारायचे असतात ते साहेबांनी विचारले. किती वर्षं? दुसरीकडे काम करता येतं का? गाव सोडून जाता येतं का?

किसन उकिडवा बसला होता. चाळिशीचा, काटक, डोईला मळका रुमाल. शेवटच्या प्रश्नाला तो म्हणाला, न्हाई. मी टाईप केलं, "नाही." पुढचा प्रश्न. त्या 'नाही'नंतर 'का' म्हणून विचारावं, असं ना साहेबांना सुचलं, ना मला. आम्हाला वाटलं, कारण आम्हाला ठाऊक आहे.

मालक आले नाहीत. त्यांचा निरोप आला, की मी कुणाला दोरखंडाने बांधलं नाही, ज्याला जायचं त्याने जावं. हा निर्लज्जपणा ऐकून मी इतकी चिडले की तीन अक्षरं एकावर एक पडली.

चार दिवसांनी मुक्तीचा दाखला हातात आला. रहीमभाई स्वतः जाऊन किसनला जीपमधून घेऊन आले. गयाने पुरण घातलं. धाकटी पोर बापाच्या मांडीवरून उठेना. मला त्या दिवशी माझ्या टाइपरायटरचा इतका अभिमान वाटला, की मी त्याला हळद-कुंकू लावलं.

सकाळी उठलो तर किसन नाही. दाखला नीट चौघडी करून सुलभाच्या देव्हाऱ्यात ठेवला होता. रहीमभाई स्टेशनवर चौकशी करून आले. तांबडं फुटताना हसनाबादच्या रस्त्याला एक माणूस चालत जाताना चहावाल्याने बघितला होता. गया थोरलीची वेणी घालत होती, ती तिने पूर्ण घातली.

गव्हाचं रान

मी डोक्यात राख घालून जीपमध्ये बसले. सुलभा म्हणत होती, तू बोलू नकोस, मी बोलते. मी ऐकते थोडीच. रानात किसन गव्हाला पाणी देत होता, फावड्याने मातीचा बांध फोडून पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवत. मी बांधावरूनच सुरुवात केली. बायकोला काय तोंड दाखवणार, पोरींचं काय, एवढ्या लोकांनी तुझ्यासाठी केलं ते काय झक मारायला, गुलामीची चटक लागली का तुला? शेवटचं वाक्य आजही आठवलं की जेवण जात नाही.

त्याने वाफा भरू दिला, पाणी पुढे वळवलं, आणि मग फावडं टेकून माझ्यासमोर आला.

"बाई, तुमचा कागद खरा हाय," तो म्हणाला. "पन म्या बेलभंडार उचलेला हाय. खंडोबाच्या म्होरं. मालकाचं रान सोडून जानार न्हाई म्हनून. मी गेलो आन् पोरीयला काही झालं, मंग?"

तो फक्त विचारत होता. मग तुटक तुटक त्याने सगळं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी, दुसरा पाडवा जवळ आला तेव्हा, हा कामाचा गडी दुसरीकडे जाईल या भीतीने मालकाने त्याला देवळात नेलं होतं. मालकीणबाईंनी ताट धरलं, ताटात बेलाचं पान आणि भंडारा, म्हणजे खंडोबाची हळद. ते किसनला उचलायला लावून मालकाने शपथ घातली. त्यानंतर मालकाला दोरखंडाची गरजच उरली नाही. निरोप पाठवला होता तो अगदी खरा होता. आता दाखला आल्यावर मालकाने किसनला दुसरा निरोप पाठवला होता, की देवाची शपथ मोडून जा आणि पोरींचं काय होतं ते बघ.

मी तिथेच बांधावर बसले. 'का' एवढं एक अक्षर विचारलं असतं तर हे सगळं मला ओट्यावरच कळलं असतं. मी किसनची माफी मागितली. तो इतका अवघडला की पाणी वळवायला निघून गेला.

परत येताना जीपमध्ये मी कुरकुर चालू ठेवली. कायदा आहे, सरकारी शिक्का आहे, आणि हा हळदीला घाबरतो. सुलभा म्हणाली, "तुझ्या भावाने आंब्याची बाग विकायची की नाही, ते तुमच्या ग्रामदेवतेला कळे लावून विचारलं होतं, ते विसरलीस?" विसरले नव्हते. देवाच्या अंगावर फुलांचे कळे चिकटवायचे, उजवा पडला तर हो. डावा पडला, बाग राहिली, मी त्याच बागेचे आंबे खाते.

तेव्हा रहीमभाई गाडी हळू करून म्हणाले, "बाई, आमच्यात बी कसम मोडाया लागती कधी कधी. मंग धा गरिबायला पोटभर जेवू घालायचं. आपुन घरी खातो तसंच, उष्टंखरकटं न्हाई. देव माफ करतो. तुमच्यात काहीच न्हाई का?"

सुलभाने गाडी तिथेच वळवायला लावली.

गावच्या खंडोबाचे गुरव म्हणजे देवळाची पूजाअर्चा सांभाळणारे म्हातारे गृहस्थ. त्यांनी आधी आम्हाला चहा पाजला. मग डोळे मिटून इतका वेळ बसले की मला वाटलं झोपले. शेवटी म्हणाले, जेवण घालायचं हे बराबर. रोडगे करा, भरीत करा, देवाला आवडतं. पण आधी भंडारा परत द्यावा लागेल. ज्याच्या हातातून घेतला त्याच्या हातात. ते हात पुढे आले, तर समजायचं देवानं सोडलं. न्हाई आले तर माझ्याच्यानं काही होणार न्हाई.

म्हणजे सगळं आता मालकीणबाईंच्या हातात. ही बाई मी पाहिलीही नव्हती. ताट धरणारी बाई आपल्या नवऱ्याविरुद्ध गावासमोर येईल, यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. किसन मात्र स्वतः आमंत्रणाला गेला. मागच्या दाराशी उभं राहून अक्षता दिल्या. तिने घेतल्या आणि दार ओढून घेतलं. ना हो म्हणाली, ना नाही.

चंपाषष्ठी

त्यानंतरचे पाच दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले गेले, आणि मी त्यांतला एकही शांतपणे घालवला नाही. मंडळाच्या बायका घरटी एकेक शेर कणीक मागत फिरल्या. बदनापुरातून दिली, वाटेतल्या गावांतून दिली. रहीमभाईंच्या मोहल्ल्यातून दोन पोती वांगी आली, वर त्यांच्या बायकोचा निरोप, की भरीत करताना हात आखडू नका. मी एका घरी कणीक मागायला गेले तर त्या बाईने मला ओट्यावर बसवून धपाटे खायला घातले आणि वर कणीक दिली. आमच्याकडे वर्गणी मागणाऱ्याला पाणी विचारतात, तेही कोण आहे ते पाहून.

चंपाषष्ठी हा खंडोबाचा मोठा दिवस. देवळामागे गोवऱ्यांचा आर पेटवला होता. रोडगा म्हणजे जाड्याभरड्या कणकेचा मुठीएवढा गोळा, तो निखाऱ्यांत भाजायचा, राख झटकायची, फोडून तूप घालायचं. मी भाजायला बसले आणि पहिले दहा कोळसा केले. त्यावर मला तिथून उठवून वांगी सोलायला पाठवण्यात आलं. सगळं गाव येऊन बसलं होतं. काही जण मालकाच्या भीतीने लांब पारावर होते, पण रोडग्याचा वास पारापर्यंत जात होता.

किसन देवळाच्या पायरीवर बसला होता. अंगात गयाने धुतलेला सदरा, मुठीत बेल आणि भंडारा. शेजारी गया आणि पोरी. गुरवबाबा रस्त्याकडे बघत होते. आम्ही सगळेच बघत होतो. ऊन डोक्यावर आलं. पखवाजवाल्या बाईंनी दोनदा पखवाज लावून पाहिला. मी मनातल्या मनात आमच्या ग्रामदेवतेला सांगितलं, तुझी हद्द नाही हे मला माहीत आहे, पण एवढं बघ.

ती आली तेव्हा कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण सगळे मोठ्या रस्त्याकडे बघत होते आणि ती मागून, आराच्या बाजूने, एकटी आली. पन्नाशीची बाई, डोक्यावरून पदर, पायात चप्पल नाही. बायका बाजूला झाल्या. ती सरळ पायरीपाशी गेली आणि किसनसमोर दोन्ही हातांची ओंजळ धरली.

"ताट म्या धरलं व्हतं," ती म्हणाली. "अकरा वर्षं झाले, या देवाला तोंड दाखवलं न्हाई म्या. दे."

किसनने मूठ उघडली तेव्हा अर्धा भंडारा पायरीवर सांडला. उरलेला त्याने तिच्या ओंजळीत घातला, बेलाचं पान वर ठेवलं. तिने ते देवासमोर नेऊन वाहिलं, भंडाऱ्याचं बोट घेऊन बाहेर आली, आणि आधी थोरल्या पोरीच्या, मग धाकटीच्या कपाळाला लावलं. किसनच्या नाही, पोरींच्या. गया इतके दिवस रडली नव्हती. ती तिथे रडली, आणि मीही रडले. रहीमभाई जीपमध्ये जाऊन बसले आणि उगीच हॉर्न वाजवला.

मग तळी भरली. ताटात खोबरं-भंडारा ठेवून पाच जणांनी ते मिळून उचलायचं आणि येळकोट म्हणायचं, अशी इकडची रीत. पाचवा हात किसनचा होता.

मालकीणबाई बायकांच्या पंगतीत बसून जेवली आणि जशी आली तशी गेली. घरी तिला काय ऐकावं लागलं असेल ते मला माहीत नाही. सुलभाने परवा लिहिलंय, की ती आता दर गुरुवारी भजनाला येते आणि तिला अडवायला कुणी येत नाही. त्या बाईचे आभार मानायला मी पुढे गेले होते, पण तिने मला खुणेनेच थांबवलं. ते आभार इथे मानते. गुरवबाबांचे मानते, रहीमभाईंच्या मोहल्ल्यातल्या वांग्यांचे मानते, आणि ज्या किसनला मी नको ते बोलले, तरी ज्याने मला जाताना स्वतःच्या हाताने रोडग्यांची पुरचुंडी बांधून दिली, त्याचेही.

पण जे सांगायला बसले ते अजून राहिलंच. पुरुषांची पंगत बसली तेव्हा किसनला पहिल्या रांगेत, कडेला बसवलं. वाढायला मी होते, वांग्यांनंतर मला तेवढं काम मिळालं होतं. सगळे मांडी घालून बसले, तो मात्र एक गुडघा वर घेऊन, टाच टेकून बसला, हाक आली की पटकन उठता यावं असा. आणि जेवत होता ते इतकं भराभर की मी भरीत वाढून वळेपर्यंत पत्रावळ रिकामी. पहिली पंगत उठली. वाढपी म्हणाले, चला, दुसरी बसू द्या. किसन लगेच उठायला लागला. सुलभाने वाढप्यांना हाताने थांबवलं. रांगेतले बाकीचे उठून गेले, नवे येऊन बसले, आणि मधे हा अर्धा उठलेला, काय करावं ते न कळून माझ्याकडे बघत.

मी काही बोलणार एवढ्यात पलीकडून गयाचा आवाज आला.

"बसा की," ती म्हणाली. "कुठं जायाचंय आता?"

किसनने तिच्याकडे बघितलं, रानाच्या दिशेला बघितलं. मग वर घेतलेला गुडघा खाली घातला, नीट मांडी घातली, आणि पत्रावळ पुढे केली. मी एक रोडगा फोडून वाढला आणि वर तूप घातलं.